दोघींत एक मासिक

आई, तू गेटमधून बाहेर येत होतीस आणि मी रस्त्याच्या पलीकडे मासिक छातीशी धरून उभी होते. पहिली शिफ्ट सुटली होती. झडती घेणारी बाई एकेकीच्या पिशवीत हात घालून बघत होती. औषधांच्या कंपनीत ते रोजचंच होतं. तू आणि तुझी मैत्रीण महिनोन्महिने वाचत होता त्या परग्रहावरच्या गोष्टीचा शेवटचा भाग त्या अंकात होता. पिंपरीच्या बाजारात अंक आल्याबरोबर मी कॉलेज बुडवून तो घेतला होता. तुझ्या हातात द्यायचा आणि संध्याकाळी आपण दोघींनी मिळून वाचायचा, एवढंच मला हवं होतं. तू अंक घेतलास, मुखपृष्ठावरून हात फिरवलास. तेवढ्यात दुसऱ्या शिफ्टची बस आली, ती मैत्रीण उतरली आणि तू तो तिला देऊन टाकलास. त्या दिवशी आधी वाचायची पाळी तिची होती. रेल्वे फाटकापर्यंत मी तुझ्या दोन पावलं पुढे चालत राहिले. तिथे गाडी जायची वाट बघत उभं असताना तू विचारलंस, "त्वांड का पाडलंस?"

"अंक मी आणला होता."

"व्हय की. बरं झालं. तिला उद्यापातुर थांबाया लागलं न्हाई."

तुमचा नियम मला माहीत होता. दोघींत एक अंक. तुझी पहिली शिफ्ट, तिची दुसरी. तो हातातून हातात जायचा तो गेटवरच. जिची पाळी असेल तिने चार पानं पुढे जायचं आणि कोपरा दुमडायचा. दुसरीने तिथवर येऊन मग पुढे जायचं. एकीने दुसरीला फार मागे टाकायचं नाही. शिफ्ट बदलण्याच्या त्या दोन मिनिटांत तुम्ही जे बोलायचा ते ऐकायला झडतीवालीसुद्धा हात थांबवायची. त्या ग्रहावर दिवस सहा महिने मावळत नाही, हे कळलं तेव्हा तू तिला विचारलं होतंस, तिथं शिफ्टा कशा लावत असतील. ती म्हणाली होती, "लावतात कशाला? ओव्हरटाइमच की सगळा." हे तू घरी येऊन मला सांगितलंस आणि भाकरी थापता थापता पुन्हा एकटीच हसलीस. मी हसले नाही.

सातवीपर्यंत तू हाती लागेल ते वाचायचीस, असं मामा सांगायचा. मग चाकणकडचं गाव सुटलं, लग्न, पिंपरी, कंपनी. वाचन कधी थांबलं ते तुलाही आठवत नव्हतं. ते मी पुन्हा सुरू करून देणार होते. मराठी घेऊन एम.ए. करत होते, मला चांगलं काय ते कळत होतं. ग्रंथालयातून मी तुझ्यासाठी निवडून कादंबऱ्या आणायचे. तू चष्मा लावायचीस, दोनतीन पानं वाचायचीस आणि पुस्तक पोटावर ठेवून झोपायचीस. एका रविवारी मी चिडले. तू म्हणालीस, "ह्यातली बाई मला रोज कंपनीत पट्ट्यावर भेटती. मंग सुट्टीला बी तिलाच भेटू व्हय?" त्यानंतर महिन्याभरात मैत्रिणीने तुला ते मासिक दिलं आणि तू वाचायला लागलीस. मी तुला म्हटलं, हे काही साहित्य नव्हे. तू म्हणालीस, नसंल. आणि पान उलटलंस.

तिला मावशी म्हण, असं तू बजावलं होतंस. मी म्हणायचे. माणूस चंद्रावर उतरल्याची बातमी आली तेव्हा तू जाऊन वर्ष झालं होतं. त्या दिवशी ती आपल्या दारात आली, खुर्ची दिली तरी उंबऱ्याशीच बसली आणि पदराने डोळे पुसत राहिली. ती ही बातमी तुला सांगायला आली होती, हे मला दिसत होतं. मी बसायला सांगितलं, पाणी दिलं. आई तू माझी होतीस, आणि त्या दिवशी तुझी आठवण येण्याचा हक्क तिचा जास्त होता. हे मला अजून पचलेलं नाही.

आता मी कॉलेजात शिकवते. शिकवायला लागतं ते वाचते, स्वतःसाठी बरीच वर्षं काही वाचलं नव्हतं. हातात घेतलेलं पुस्तक तिसऱ्या पानाला मिटायचं. गेल्या आठवड्यात चिंचवडच्या वाचनालयात विज्ञानकथांचं एक पातळ पुस्तक दिसलं. भाषा साधी, माणसं थोडी, आणि पुढे काय होतं ते कळल्याशिवाय ठेववेना. भाजी करपली. त्यात एक जागा अशी आली की मान वर करून कुणाला तरी सांगावंसं वाटलं. तू आठवलीस. मग लगेच वाटलं, तू असतीस तर पुस्तक हातातून काढून घेतलं असतंस आणि आधी मावशीकडे नेलं असतंस. ती चिंचवडलाच असते, मुलाकडे. खरं सांगायचं तर ते पुस्तक मी दुसऱ्यांदा वाचलं ते तिच्याशी बोलताना अडायला नको म्हणून.

इथवर काल संध्याकाळी लिहिलं. आज सकाळी पुस्तक घेऊन तिच्या घरी गेले. ती दवाखान्यात गेली होती. सून म्हणाली, पुस्तक ठेवून जा, आल्यावर वाचतील. ते हातातून हातातच द्यायचं होतं; मी ठेवलं नाही, परत घेऊन आले.