गोधडीतले चार तास

हॉलंड, मिशिगन
९ फेब्रुवारी २००८

प्रिय नेल्डा,

गुडघा कसा आहे? इथे बर्फ खिडकीपर्यंत आलाय, पण माझं बरं चाललंय. तू पाठवलेला आल्याचा केक दोन दिवसांत फस्त केला.

तू विचारलंस, "दादासाठी फुलं ठेवायची तरी कुठे?" अगं, थडगंच नाही तर काय सांगू! चर्चमधल्या बायका अजून टोमणे मारतात, "गेरिटला मटारासारखं गोठवलंस म्हणे!" पण हट्ट तुझ्या भावाचाच ना? साऱ्या देशात मेलेली माणसं गोठवून ठेवणाऱ्या संस्था दोन-तीन, त्यातली एक आपल्याच राज्यात, म्हणून स्वारी खूश! "शंभर वर्षांनी डॉक्टर उठवतील मला. डोरिस, तूही सही कर." मी म्हणायची, "एक जन्म सोसलं तुला, तेवढं पुरे!" हसायचा, पण मनाला लागायचं त्याच्या.

परवा त्या संस्थेत जाऊन आले. उंच पांढरी टाकी, तिच्यात तो. तिथले लोक त्याला मेलेला म्हणत नाहीत, पेशंट म्हणतात. टाकीला गाल लावला, तर गारसुद्धा लागली नाही. फार आठवण येते गं त्याची.

आता खरं सांगते. तो गेल्या गेल्या मी फोन केला, असं तुला सांगितलं होतं. ते खोटं. तो दुपारी एकला गेला. लगेच नर्सला आणि त्या लोकांना कळवायचं, डोक्याभोवती बर्फ लावायचा, उशीर झाला की मेंदू बिघडतो, हे सगळं त्याने माझ्याकडून घोकून घेतलं होतं. पण त्याचा हात गार पडायला लागला, आणि माझ्याच्याने राहवलं नाही. तुमच्या आईने शिवलेली गोधडी पांघरली त्याला. आत शिरले आणि कवटाळून पडून राहिले. फोन केला तेव्हा पाच वाजले होते. त्यांनी विचारलं, "कधी गेले?" मी म्हणाले, "आत्ताच."

काल मी त्यांना खरी वेळ कळवली. आणि सहीही केली. माझ्या वेळी त्यांना कळवणारी व्यक्ती म्हणून तुझं नाव दिलंय. माझ्यासारखी रडत बसू नकोस, आधी फोन कर.

माझा विश्वास अजूनही नाही. पण समज, उठलाच तो, आणि माझ्यापायी त्याला काहीच आठवलं नाही, तर त्याला त्याचं नाव सांगायला कुणीतरी नको का?

तुझ्या भावाची,
डोरिस