नवव्या कलमातलं ‘आपण’

तीर्थरूप ताईस,

धाकट्या भावाचा दोन्ही हात जोडून नमस्कार (एका हातात पेन आहे, ते चालवून घे). तुझे गुडघे कसे आहेत? जिना चढताना बांधणाऱ्याचा उद्धार करतेस की आता तेवढा दम उरत नाही? आम्ही सगळे खुशाल. तुझी भावजय म्हणते, ताईंना आधी खाली बसायला सांगा आणि मग बातमी द्या. तर बस.

भाऊजी सुटतायत! त्रेचाळीस दिवस सामुद्रधुनीच्या तोंडाशी नांगर टाकून बसलेली त्यांची बोट उद्या, गुरुवारी, बाराच्या आत बाहेर पडेल. त्यांच्या रक्तदाबाच्या गोळ्या शुक्रवारपर्यंतच पुरणार म्हणून तू रोज नकाशा पसरून बसतेस, हे मला माहीत आहे. तो नकाशा आता घडी करून ठेव. फोन केला नाही, कारण आमच्या खात्याचा फोन दोन्ही महासत्ता ऐकतात (परवा तुझ्या भावजयीशी बोलताना एकजण मध्येच म्हणाला, ‘जरा मोठ्याने’). म्हणून हे पत्र आमचा ड्रायव्हर हातोहात आणतोय.

आणि ताई, हे सगळं कुणामुळे झालं म्हणशील? तुझ्या भावामुळे! हो, ज्याला तू जन्मभर ‘कारकुंड्या’ म्हणालीस त्याच्यामुळे. तुला ठाऊकच आहे, ही सामुद्रधुनी म्हणजे एक खंड संपतो आणि दुसरा सुरू होतो तिथली चिंचोळी गल्ली. दोन्ही खंडांच्या महासत्तांनी आपापलं आरमार तिच्यात आणून उभं केलं आणि ‘प्रादेशिक सुरक्षेसाठी’ सगळ्यांची वाट अडवली. आधी कुणी मागे हटायचं, यावर परिषद आमच्याकडे भरली (आम्ही कुणाच्याच खिजगणतीत नाही, म्हणून तटस्थ). अकरा दिवस! अलीकडच्या खंडाचे प्रमुख दिवाणखान्यातसुद्धा छत्री घेऊन बसतात, त्यांना आम्ही छत्रीवाले म्हणतो. पलीकडचे प्रमुख डोळे मिटून ऐकतात. ते विचार करतायत की झोपलेत, हे त्यांच्या स्वतःच्या सचिवालाही सांगता येत नाही. त्यांचं नाव डुलकीसाहेब. पहिले दोन दिवस टेबलाच्या दोन्ही बाजू सारख्या भरतात का, हे मोजण्यात गेले. मी स्वतः टेप धरली होती. तिसऱ्या दिवशी करार कुणाच्या भाषेत करायचा यावर जुंपली. याची भाषा त्याला नको, त्याची याला नको. शेवटी दोघांनाही सारखीच कमी येणारी भाषा म्हणून आपली भाषा ठरली. ज्या भाषेत आपण भाजीवाल्याशी हुज्जत घालतो तीत जगाचा करार! माझ्या अंगावर काटा आला गं.

मग आलं नववं कलम. आरमार मागे कुणी घ्यायचं? ‘एकाच वेळी’ म्हटलं तर घड्याळ कुणाचं, यावर दीड दिवस. ‘टप्प्याटप्प्याने’ म्हटलं तर पहिला टप्पा कुणाचा. आमचे साहेब घामाने निथळत होते. आणि तेव्हा, तीस वर्षं मसुदे लिहून मुरलेल्या या माणसाने, अत्यंत शांतपणे, एकच शब्द टाकला, ‘आपण’. ‘आपण आरमार मागे घ्यावे.’ बस्स. छत्रीवाल्यांनी वाचलं, मान डोलावली. डुलकीसाहेबांनी चक्क डोळे उघडले. दोन मिनिटांत सह्या! टाळ्या! साहेबांनी मला मिठी मारली (त्यांचा सदरा ओला होता, तरी मारू दिली). आणि दहाव्या कलमाप्रमाणे गुरुवारी दहा ते बारा व्यापारी बोटींना वाट मोकळी.

आज सकाळी मात्र जरा गंमत झाली. चहाच्या वेळी छत्रीवाल्यांनी डुलकीसाहेबांचे आभार मानले, की आपण मागे हटायला तयार झालात, मोठं मन लागतं. डुलकीसाहेब म्हणाले, मी? आपण म्हणजे तुम्ही! छत्रीवाले म्हणाले, छे, आपण म्हणजे तुम्हीच, आदराने लिहिलंय! मध्येच एक तरुण वकील म्हणाला, आपण म्हणजे दोघे मिळूनही होतं. त्याच्यावर मात्र दोन्ही शिष्टमंडळं एकदम तुटून पडली. अकरा दिवसांतलं हे त्यांचं पहिलं एकमत. आता ठरलंय असं की अर्थ लागेपर्यंत करार चालू. अर्थ लागला की ज्याच्या विरुद्ध जाईल तो कागद फाडणार आणि वाट पुन्हा बंद. त्यासाठी निष्पक्ष व्याकरणतज्ज्ञ शोधायचं काम माझ्याकडे आलंय. पण तू काळजी करू नकोस, तब्येतीला जप.

तुझा,
(आता तरी) कर्तबगार भाऊ

ता. क. तज्ज्ञ सापडली. तू. एकतीस वर्षं व्याकरण शिकवलंस हे सांगितलं, तेव्हा दोघांनी नात्यावर हरकत घेतली. मग मी माझं आठवीचं प्रगतिपुस्तक दाखवलं, व्याकरणात शंभरात चौतीस, खाली तुझी सही. सख्ख्या भावाला एका गुणाने नापास करणारी बाई पक्षपात करणारच नाही, असं लेखी ठरलं. उद्या दहा वाजता तुला विचारतील. ताई, तुझ्या पाया पडतो, बारापर्यंत उत्तर देऊ नकोस. सर्वनामांपासून सुरू कर. कुणी मध्ये बोललं तर उभं कर.

ता. क. दुसरा. तुझ्याशी खोटं बोलवत नाही. मी ‘दोन्ही बाजूंनी’ असंच लिहिलं होतं. पण त्याने ओळ वाढत होती, सह्या दुसऱ्या पानावर जात होत्या आणि सोनेरी काठाचा कागद एकच उरला होता. ‘आपण’ बसलं.

ता. क. तिसरा. पाकीट चिकटवताना निरोप आला. विचारणार म्हणजे फोनवर नाही, दोन्ही शिष्टमंडळं घरी येतायत. एकतीस माणसं. शेजारणीकडून खुर्च्या माग, पण सगळ्या एका उंचीच्या बघ. नाहीतर बारा काय, महिनाभर तुझ्या घरातून कुणी हलणार नाही.