सातव्या मजल्यावरचं अर्धं गाणं

ती. ताईस,

धाकट्या भावाचा वाकून नमस्कार. मी इथे हातीपायी धड आहे, तुम्हीही असालच. दाजींची कंबर कशी आहे? त्यांना म्हणावं, मी रोज सात मजले दोराने उतरतो, तरी माझी कंबर ठणठणीत आहे. (नको, म्हणू नकोस. त्यांना टोमणा वाटेल.)

तुझ्या लग्नात मी आईचं गाणं म्हणायला उभा राहिलो, आवाज चिरकला, सगळे पाहुणे हसले आणि मी पळालो तो थेट भांड्यांच्या ढिगाआड जाऊन बसलो, हे तू विसरली नसशील. (मीही नाही.) तेव्हापासून चार माणसं एकत्र दिसली की ती माझ्याबद्दलच बोलतायत असं वाटतं. इथे बसमध्ये 'थांबवा' म्हणायचीही चोरी. सगळे वळून बघतील म्हणून शेवटच्या थांब्यापर्यंत जातो आणि दोन थांबे चालत मागे येतो. (तब्येतीसाठी चालतो असं तुला कळवलं होतं, ते हेच चालणं.)

म्हणून हे काम मला आवडलं. उंच इमारतीच्या काचा धुवायच्या. गच्चीवरून दोरांना फळी सोडलेली, तिच्यावर मी आणि आमचा उस्ताद. ह्या इमारतीच्या काचा आरशासारख्या, समोर बघावं तर आपणच. उस्ताद घरचाच, तो सोडला तर दुसरं माणूसच नाही, मग लाजायचं कोणाला? पहिल्या दिवशी भांग पाडला. दुसऱ्या दिवशी दात तपासले. तिसऱ्या दिवसापासून फडकं डोक्याला गुंडाळून मोठ्यांदा आईचं गाणं, हातवाऱ्यांसकट. आवाज चिरकायचा तिथे चिरकायचाच, पण समोर ऐकणारा आरशातला एकटा, तो काय हसणार. असे अकरा दिवस मी राजा होतो.

बाराव्या दिवशी गच्चीवरचं पाणी गेलं, म्हणून उस्तादाने बादली देऊन मला सातव्या मजल्यावरच्या ऑफिसात पाठवलं. आत गेलो आणि पाय जमिनीला चिकटले. आतून त्या काचा आरसे नव्हतेच. बाहेर उस्ताद लख्ख दिसत होता, फळीवर बसून काडीने कान कोरत होता. तीसेक टेबलं, सगळी काचेकडे तोंड करून. वर वारा यायला झडप, तीही उघडी. तेवढ्यात चहा करणाऱ्या मावशींनी मला विचारलं, "आज गाणं नाही का?"

दोन दिवस ताप आल्याचं सांगून खोलीत पडून राहिलो. तिसऱ्या दिवशी उस्ताद आला. त्याला सगळं पहिल्यापासून माहीत होतं. सांगितलं का नाही, तर म्हणे तू गातोस तेव्हा तुझा हात भरभर चालतो, मी कशाला बोलू. आणि वर निरोप घेऊन आला होता. मावशी शुक्रवारी निवृत्त होणार, साहेबांची भाषणं त्यांना कळत नाहीत, त्यांना माझं गाणं हवं होतं. मी पांघरूण डोक्यावर ओढलं. तर म्हणाला, "अकरा दिवस तीस माणसांनी तुझे दात बघितले. काय झालं तुला? जेवण जातंय ना?"

जेवण जात होतं, ताई. मी पांघरूण बाजूला केलं.

शुक्रवारी गेलो. आवाज नेमका तिथेच चिरकला. सगळे हसले. नजर दाराकडे गेली (सवयच ती), पण म्हटलं, हे हसू तर अकरा दिवस काचेपलीकडे चालूच होतं, आता कानांनी ऐकलं एवढंच. सगळ्यांत जास्त मावशी हसत होत्या, आणि चष्मा पुसत होत्या. मीही हसलो आणि ती ओळ परत धरली.

काल बसमध्ये 'थांबवा' म्हणून ओरडलो. कोणी वळूनसुद्धा बघितलं नाही. जरा वाईटच वाटलं.

तुझा,
भांड्यांआडचा भाऊ

ता. क. : आपल्या धाकटीच्या लग्नाला सुट्टी मिळत नाही असं लिहिलं होतं. मी ती मागितलीच नव्हती. आता मागितली, मिळाली. येतोय. गाणार आहे.

आणखी ता. क. : पत्र वाचून फाडून टाक. शेजारच्या काकूंच्या हाती लागलं तर काय म्हणतील?

शेवटचं : फाडू नकोस. मागची बाजू कोरी ठेवली आहे, तिच्यावर गाण्याचं दुसरं कडवं लिहून लगेच पाठव. लहानपणी पहिलं माझं, दुसरं तुझं असं वाटून घेतलेलं, त्यामुळे पुढचं मला कधी आलंच नाही. शुक्रवारी पहिलंच तीनदा म्हटलं. तिसऱ्या वेळी, चिरकायच्या जागी, सगळं ऑफिस माझ्याबरोबर चिरकलं.