सुईचा काय दोष

दि. १४, गुरुवार

ती. बाबांस,

यापुढे 'बाबा' म्हणू नकोस असं तुम्ही बजावलं होतंत, पण पत्राला काहीतरी मायना लागतोच. साष्टांग नमस्कार परवा तुम्हीच आमच्या क्लिनिकच्या फरशीवर घातलात, तेव्हा माझा उभ्याउभ्याचा साधा नमस्कार गोड मानून घ्या. कपाळावरचं टेंगूळ उतरलंय आणि दोन्ही वेळ नीट जेवताय, असं आई म्हणाली. जीव भांड्यात पडला. आता भांडतो.

शुद्धीवर आल्याआल्या डॉक्टरांना काय म्हणालात? "तुमच्या त्या रक्त घेणाऱ्या पोरीला सुई धरता येत नाही. मी शिंपी आहे, जन्म गेला सुईत, मला कळतं." झालं! डॉक्टरांना आयता तज्ज्ञ मिळाला. बाबा, तुमची सुई कापडात जाते हो! कापडाला शीर नसते, आणि कापड काही चक्कर येऊन पडत नाही. तिच्याकडे लहान पोरं रक्त देतात आणि वर विचारतात, "टोचलं का?" तुमचं तर रक्त नळीत जाऊन, कापूस लावून झाला होता. तुम्ही कोसळलात तेव्हा सुई डब्यात पडलेली होती. सुईचा काय दोष?

पण डॉक्टर कशाला विचार करतील! फर्मान निघालं: पुढच्या शनिवारी सगळ्या स्टाफला ट्रेनिंग, पेशंटला चक्कर येऊ नये म्हणून काय करायचं त्याचं. तिला पहिल्या रांगेत बसवायचं, आणि महिनाअखेर नारळ द्यायचा. ट्रेनिंग तयार कोण करणार? तर मी. "अर्धवट का होईना, कॉलेजात गेला होतास ना? लिही!" बघा, माझं शिक्षण पाण्यात गेलं म्हणत होतात.

सगळे तिला सिस्टर म्हणतात. मी म्हणत नाही. का ते विचारू नका.

जेवणाच्या सुट्टीत मी तिला म्हटलं, यात सुईबद्दल एक अक्षर लिहिणार नाही. ती म्हणाली, "त्यांना सुईचं हवंय तर सुईचं लिही. तुझी नोकरी सांभाळ." माझं डोकंच फिरलं. तर म्हणते, "ओरडू नकोस, बाहेर पेशंट पडतील."

मग मी खरं तेच लिहिलं. निम्मं तिचं आहे, आणि निम्मं तुमच्यावरून सुचलेलं. 'पूर्वी कधी चक्कर आली होती का?' हे आम्ही काउंटरवरून भर गर्दीत विचारतो. सगळ्यांसमोर खरं कोण सांगेल? त्यात पुरुष माणूस, आणि तोही मिशीवाला! तुम्हाला विचारलं तेव्हा तुम्ही "छे! मला?" म्हणालात, तेही रस्त्यापर्यंत ऐकू जाईल असं. इकडे आई फोनवर हसत सांगते की माझी पहिली लस टोचली, तेव्हा मी रडायच्या आत तुम्ही आडवे. नर्सने आधी बापाला सावरलं, मग पोराला. पडद्याआड हळू आवाजात विचारलं असतं आणि तुम्ही कबूल केलं असतंत, तर तिने तुम्हाला झोपवूनच रक्त घेतलं असतं. पायावर पाय टाकून मांड्या आवळून धरायला सांगितलं असतं. उपाशीपोटी यायचं म्हणजे घोटभर पाणीही प्यायचं नाही, हे तुम्हाला कोणी सांगितलं? ती पेला घेऊन आली होती. तुम्ही हातानेच झिडकारलंत.

तुम्ही जांभया द्यायला लागलात, ओठ पांढरे पडले, तेही तिनेच पाहिलं. "काका, उठू नका हं," असं ती म्हणत होती. तेवढ्यात तुम्ही उठलात.

का उठलात, ते मला लिहायचं नव्हतं. तिनेच बोट ठेवलं. म्हणाली, "तू काउंटरवरून 'पुढचे!' म्हणून ओरडतोस ना, की माझ्या खुर्चीतला माणूस ताडकन उभा राहतो. त्याला वाटतं, आपण अडचण करतोय." मी वाद घातला. शेवटी मान्य केलं. ते वाक्यही ट्रेनिंगमध्ये घातलंय.

बाबा, तुमच्या वेळी मीच ओरडलो होतो. आणि त्याआधी काउंटरवर मी तुम्हाला नाव विचारलं. तुम्हीही परक्याला सांगावं तसं ते सांगितलंत. ती माझ्या मागेच उभी होती. 'बाबा' म्हटलं असतं आणि तुम्ही "कोण बाबा?" म्हणाला असतात, तर मी तिच्यासमोर कुठे तोंड लपवलं असतं? तिला मात्र आधीच कळलं होतं. म्हणते, "नाक तेच, खोटं बोलतानाचा चेहराही तोच." ती पडदा सारून बाहेर आली की मी समोरच्या पेशंटला त्याचं नाव दोनदा विचारतो, यावर ट्रेनिंगमध्ये उपाय नाही. तिला अजून काही बोललेलो नाही. आणि बोलायच्या आत ती जाणार, तीही तुमच्या एका बढाईपायी!

आपल्या गल्लीत रक्त तपासणारे दोघे आहेत. तरीही दोन बस बदलून तुम्ही इथेच का आलात, हे मी विचारत नाही.

शनिवारी सकाळी या. पेशंटला आडवं झोपवून रक्त कसं घ्यायचं हे दाखवायला कोणीतरी माणूस लागेलच. आणि डॉक्टरांना सगळ्यांसमोर सांगा की सुई बरोबर होती, मी खोटं बोललो. मलाही काही सोपं जाणार नाहीये. मी काउंटरवर असेन. 'पुढचे' म्हणणार नाही. 'बाबा' म्हणून हाक मारीन, अख्ख्या खोलीला ऐकू जाईल अशी. ओ द्यायची की नाही, ते तुम्ही ठरवा.

दिलीत, तर खुर्चीतून मात्र सावकाश उठा. घाई नाही. मी थांबतो.

काउंटरवरचा,
तुमचाच