वाफ कशात मोजायची?

तीर्थस्वरूप आत्याच्या पायांवर भाच्याचा वाकून नमस्कार. (वाकताना कंबरेत कळ येते, तरी पुरता वाकलो आहे असं समजावं.) तुझा गुडघा काय म्हणतो? आम्ही तिघंही ठीक. पोरीचे पुढचे दात पडलेत, त्यामुळे ती शाळेतलं जे काही सांगते ते आम्ही अंदाजाने समजून घेतो.

मागच्या पत्रात तू विचारलं होतंस की सगळ्यांना सारखा पगार, तर मग मरमर करणार कोण? उत्तराला उशीर झाला, कारण मधल्या काळात आमच्याकडे खरोखरच कोणी करत नव्हतं आणि तसं तुला कळवायची मला लाज वाटत होती.

तुला माहीतच आहे, मालक थकले, त्यांच्या मुलांना ओल्या कपड्यांचा वास सोसेना, म्हणून त्यांनी ते अख्खं धुलाईघर आम्हा कामगारांच्या गळ्यात घातलं. पहिल्याच सभेत ठरलं की यापुढे नगावर पैसे नाहीत, सगळ्यांना पगार सारखा. सगळ्यांनी हात वर केले. मीही केला. (नगावर सगळ्यांत जास्त मीच कमवत होतो, त्यामुळे सगळे माझ्याकडेच बघत होते. अशा वेळी हात आपोआप वर जातो.) घरी येताना छाती फुगली होती. जेवताना मात्र डोक्यात किडा वळवळला. माझ्या शेजारच्या टेबलावर आमचा गोगलगाय असतो. माणूस देवासारखा, पण त्याची इस्त्री उशीच्या अभ्र्यावरून अशी जाते की जणू वाटेत दोन मुक्काम आहेत. आता त्यालाही तेवढंच आणि मलाही तेवढंच? मग मी कशाला हात मोडून घेऊ?

दुसऱ्या दिवसापासून मी हात आखडता घेतला. तो पाणी प्यायला गेला की मी दोनदा जायचो. त्याला वाटलं, आपला हा उस्ताद सावकाश करतोय म्हणजे कापड नाजूक असणार, म्हणून तो आणखी सावकाश झाला. आत्या, हळू काम करणं सोपं नसतं. तापलेली इस्त्री तुमच्या तत्त्वांसाठी थांबत नाही. मी एका चादरीवर इतका रेंगाळलो की तिच्यावर इस्त्रीचा तपकिरी ठसा उठला, अगदी टोकासकट. आमचं बघून धुणाऱ्या बायकांनी हात सैल सोडले, घड्या घालणाऱ्यांनी गप्पा वाढवल्या. आणि एके सकाळी बॉयलरवाले काका आत गेलेच नाहीत. गल्ल्यापाशी पंख्याखाली येऊन बसले. कोणीतरी विचारलं तेव्हा शांतपणे म्हणाले, की पगार सारखा आहे तर आज वाराही सारखा घेऊन बघतो.

बॉयलर थंड म्हणजे सगळंच थंड. आमचं सगळ्यांत मोठं गिऱ्हाईक म्हणजे रुग्णालय, तिथल्या चादरींचे ढीग खिडकीपर्यंत चढले. तिथल्या मोठ्या परिचारिकाबाई स्वतः आल्या, ठसा उमटलेली चादर माझ्याच टेबलावर ठेवली आणि म्हणाल्या की या आठवड्यात सुधारणा दिसली नाही तर काम दुसरीकडे जाईल. ते काम गेलं असतं तर आमच्या दाराला कुलूपच लागलं असतं. जेवढ्या तयार चादरी होत्या तेवढ्या हातगाडीवर घालून मीच पोचवायला गेलो. एका खाटेवर एक म्हातारे गृहस्थ उघड्या रबरी गादीवर पडले होते, पाठ घामाने तिला चिकटलेली. मी चादर उलगडली तर ते दोन्ही कोपरांवर जोर देऊन स्वतःला उचलू लागले, मला सोपं जावं म्हणून. "तुमचा खोळंबा नको," म्हणाले. परत येताना गाडी रिकामी होती, पण मला ती ओढवेना.

त्याच दिवशी सभा झाली. मी उठून म्हणालो की झालं तेवढं पुरे, परत नगावर पैसे करू, माणूस लालूच असल्याशिवाय हलत नाही. (स्वतःवरून जग ओळखण्याची माझी जुनी खोड.) बऱ्याच माना हलल्या. तेव्हा बॉयलरवाले काका बोलले. ते वर्षाकाठी दोनदा बोलतात.

"नगावर मोजायचं तर मोजा. पण माझी वाफ कशात मोजणार?"

त्यांच्या वाफेशिवाय माझी एकही चादर गरम झाली नसती. शेवटी गल्ल्यावरच्या वहिनी म्हणाल्या, "पगार वाटून घेतला तसा ताप पण वाटून घ्या की."

मग ठरलं ते असं: पगार सारखाच राहील, बॉयलरवर सगळ्यांची पाळी, आणि ज्याची सकाळची पाळी असेल तो दुपारी पुढच्या पाळीवाल्याकडे बॉयलर सोपवून घरी जाईल. बाकी सगळे त्या दिवसाचे गठ्ठे संपले की सुटतील, पण एकदमच, कोणी आधी नाही. माझ्या पहिल्या पाळीला काकांनी शेजारी उभं राहून एकेक झडप समजावली. तासाभरात माझा पार उकडलेला बटाटा झाला. त्यानंतर मी काकांना ‘अहो-जाहो’ जरा जास्तच मनापासून करू लागलो. आणि गोगलगायीचे गठ्ठे संपल्याशिवाय मलाही घर दिसेना, म्हणून त्याला कोपरे ओढून धरायची माझी युक्ती शिकवली. तो अजून सावकाशच आहे, पण आता पोचतो.

सगळं गोड आहे असं नाही. एकजण नगावर पैसे देणाऱ्याकडे निघून गेला, आणि त्याचंही काही खोटं नव्हतं. सभेत भांडणं होतात, पाळी चुकवायला कोणाचं तरी पोट हमखास दुखतं. पण रुग्णालयाचं काम टिकलं आहे, आणि परवा मी उन्हं असताना घरी पोचलो तर पोरीने दारातच विचारलं, "बाबा, तुम्हाला काढून टाकलं?" संध्याकाळी आम्ही तिघं नुसतं फिरून आलो. तेव्हा आत्या, मरमर आता कोणीच करत नाही. काम मात्र होतंय.

तुझा,
लाडका (असं तूच म्हणायचीस) भाचा

ता. क. खरं सांगायचं तर पत्र वेगळ्याच कारणासाठी लिहिलं. तिकडे एकटी राहू नकोस, इकडे ये. मी आता वेळेवर घरी असतो, खिडकीजवळची खाट तुझी.

ता. क. २. फाटक्या चादरी रफू करणारं आमच्याकडे कोणी नाही आणि तुझा हात शिवणात बसलेला आहे, हे मी सभेत अजिबात बोललो नाही. (बोललो. टेबल ठरलं आहे. ठराव एकमताने झाला.)

ता. क. ३. तुझं वय बघता बॉयलरची पाळी माफ, असंही मी मंजूर करून घेतलं. बायको म्हणते, हे लिहू नका, त्या तेवढ्यावरून भांडायला पहिल्या गाडीने येतील. म्हणून मुद्दाम लिहिलं.