माझे तास कुणाच्याही नावे नाहीत

मी, मैत्री जयसिंग ओव्हाळ, वय ४८, व्यवसाय अध्यापन, राहणार पिंपळे गुरव, हे मृत्युपत्र राजीखुशीने, कुणाच्याही दबावाखाली न येता लिहून ठेवते. दबाव नाही, हे वाक्य गेल्या कित्येक वर्षांत पहिल्यांदाच खरं लिहिते आहे. माझं डोकं ठिकाणावर आहे, डॉक्टरांचा दाखला जोडला आहे. हृदयाबद्दल त्यांनी वेगळं लिहिलंय.

१. पिंपळे गुरवचा फ्लॅट आई चिमाबाई हयात असेपर्यंत तिचा, नंतर भावाची मुलगी पिंकी हिचा. भाऊ प्रितम याने तो विकून रावेतला मोठा घेण्याचे बेत मनातच ठेवावेत.

२. पुस्तकं दापोडीच्या विहारातल्या वाचनालयाला. आमचे विभागप्रमुख धनेश सर यांनी नेलेलीही मागून घ्यावीत. ते आपणहून देणार नाहीत.

३. आई-आबांच्या दापोडीच्या घरावरची ‘प्रा.’ लिहिलेली पाटी. आबांनी कंपनीत ओव्हरटाइम करून मला शिकवलं आणि नोकरी लागली तेव्हा ही पाटी हौसेने करून आणली. आबा गेले, तरी तिच्यापायी मला नोकरी सोडवेना. दर मे महिन्यात प्रवेश गोळा करायला चाकणच्या चाळींतून दारोदार हिंडले. तपासणी समितीसाठी न झालेल्या चर्चासत्रांचे अहवाल लिहिले. ‘कोट्यातल्या मॅडम’ ही कुजबुज कानावर आली की दुप्पट राबले. पाटी पिंकीला द्यावी, लावायची सक्ती नाही.

४. माझे तास. आमच्या महाविद्यालयात रजा हवी तर आपले तास घेणारा शोधून आधी त्याची सही आणावी लागते. गेल्या महिन्यात छातीत कळ आली, तेव्हाही मी दवाखाना सोडून सही मागत मजले चढत होते. सहकारी स्वरूपाने जिन्यात धरलं.

“मॅडम, घाम बघा तुमचा. चला, रिक्षा थांबवते.”

“दुपारच्या तासाचं बघते आणि निघते,” मी म्हणाले.

थोडक्यात वाचले, असं डॉक्टर म्हणाले. आयसीयूतून बाहेर आणलं त्याच दिवशी धनेश सरांचा फोन आला. “मॅडम, सोमवारी समिती येतेय. नुसतं खुर्चीत बसून राहिलात तरी चालेल.” तो राग मी कुणाला देत नाही, माझ्याकडेच ठेवते. सबब, माझे तास मी कुणाच्याही नावे करत नाही.

५. वरची कलमं माझ्या पश्चात लागू होतील. हे आजपासून लागू: मी नोकरी सोडते आहे. परत गेले तर वरच्या कलमांना फार थांबावं लागणार नाही, आणि मला जगायचं आहे. धाकधूक फक्त आईची आहे. “माझी पोरगी पोरफेसर हाय,” हे ती अजून गल्लीभर सांगते.

सही: मैत्री जयसिंग ओव्हाळ
साक्षीदार: १. स्वरूपा ज्ञानेश बोराडे, सहकारी. २. अजिंक्य ज्योतीराम मोहिते, शेजारी.
स्थळ: पिंपळे गुरव. दिनांक: ९ जानेवारी २०२५.

ता.क. पहिली साक्षीदार म्हणून आईलाच बसवलं होतं. तिने सगळं वाचून घेतलं आणि पेन खाली ठेवलं.

“मरणाच्या कागदावर मी सही करायची न्हाई. तो दुसरा आण, नोकरी सोडायचा.”

राजीनाम्याला साक्षीदार लागत नाही, असं मी तिला सांगितलं. तिने तो पुढे ओढला आणि माझ्या सहीखाली सावकाश लिहिलं: चिमाबाई जयसिंग ओव्हाळ.