पान एकशे बारावरचा जिना

दि. ९ मार्च

चि. भिंगरीस,

अनेक आशीर्वाद. इकडे सर्व खुशाल. सर्व म्हणजे मी आणि तुझी वहिनी. तिचा गुडघा आणि माझं डोकं सोडलं तर बाकी ठीक चाललंय.

पत्राचं कारण तक्रार आहे. मुद्दाम वाट वाकडी करून पाहावीत अशा ठिकाणांचं एक पुस्तक निघालंय. त्याच्या पान एकशे बारावर आपल्या घराचा जिना आहे, फोटोसकट! ‘सतरा पायऱ्या आणि वर नुसतं आकाश.’ खाली बारीक अक्षरात, ‘घरमालक तिरसट आहेत, पण चहा चांगला करतात.’

मी जन्मात कधी चहा केला नव्हता. पण लोक फाटक उघडून येतात, जिना चढतात, फोटो काढतात आणि उतरल्यावर व्हरांड्यात बसून माझ्या तोंडाकडे बघत राहतात. वहिनीला म्हटलं, “टाक गं चार कप.” तर म्हणते, “पुस्तकात घरमालक लिहिलंय. मालकांनीच करावा.” पहिल्या आठवड्यात एका जोडप्याने माझा चहा हळूच कुंडीत ओतला. कुंडीतलं झाड गेलं. आता मात्र लोक दुसरा कप मागतात.

पुस्तकावर लिहिणाऱ्याचं नाव नाही. पण ‘नववी पायरी बोटभर उंच आहे, जपून’ ही सूचना आहे. जिना झाला त्या दिवशी धावत वर जाताना त्याच पायरीवर कुणी दात पाडून घेतला आणि कोण पोट धरून हसलं, हे घराबाहेर कुणाला ठाऊक नाही. तिथेच तुला ओळखलं.

बरं, येणारा प्रत्येक जण विचारतो, “वर काय होतं?” एकाला सांगितलं, आमच्या वडिलांना तारे बघायचा नाद होता. दुसऱ्याला सांगितलं, गवंडी अर्ध्यात पळून गेला. मागच्या रविवारी नेमक्या दोन टोळ्या एकदम आल्या आणि चहा पिता पिता त्यांनी माझी उत्तरं ताडून पाहिली. त्यांच्यात एक निवृत्त शिक्षिका होत्या. “अहो, एक काय ते ठरवा,” म्हणाल्या. मी किटली घेऊन उभा. तेवढ्यात आतून वहिनीचा आवाज, “सांगा की आता खरं!”

सांगितलं. वरची खोली बाबांनी तुझ्यासाठी काढली होती. जिना झाला आणि ते गेले. मी काम बंद करवलं. ‘तिचा पाय घरात टिकतो कुठे, तिला कशाला हवी खोली?’ असं मी बोललो तेव्हा तू दाराशीच उभी होतीस. बॅग उचलून गेलीस, त्याला अकरा वर्षं झाली. भिंगरे, मी चुकलो. हे तेव्हाच लिहायला हवं होतं. पण आधी कागद सापडेना, मग पेन, मग तुझा पत्ता. पत्ता वहिनीच्या डब्यात होता, हे मला ठाऊक होतं.

शिक्षिकाबाईंनी कप खाली ठेवला. “मग बांधा की! गवंडी मिळत नाहीत का इथे?” नऊ माणसांदेखत.

गवंडी गुरुवारपासून कामावर आहे. भिंती कमरेपर्यंत आल्यात. नववी पायरी सारखी करून देतो म्हणत होता, मी हात लावू दिला नाही. काल एक टोळी माझ्याशीच भांडली, “पुस्तकात आकाश लिहिलंय, इथे तर विटा!” तेव्हा पुढच्या आवृत्तीतून पान एकशे बारा काढून टाक, नाहीतर लोक मला बडवतील.

आता एकच अडलंय. गवंडी विचारतो, खिडकी कुठल्या बाजूला? बाबा म्हणायचे, तिला विचारून ठरवू. वहिनी म्हणते बागेकडे, मी म्हणतो रस्त्याकडे, पण खोली आमची नाही. म्हणून काम थांबवलंय. पत्राने कळवू नकोस, माझा विश्वास नाही. इथे येऊन, वर उभी राहून बोटाने दाखव. तोवर भिंत आहे तिथेच राहील, आणि गवंड्याला रोज चहा मी पाजतोय.

तुझा तिरसट,
दादा